कर्ल्यू नेमका कोणता? काठावरच्या पक्ष्यांची नावे आणि त्यांची गणती

इंग्रजी पाठ्यपुस्तकात किंवा एखाद्या गोष्टीत 'कर्ल्यू' हा शब्द आला की शिक्षकांची पंचाईत होते. शब्दकोशात पाहावे तर एका ठिकाणी 'एक पाणपक्षी' एवढेच लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी 'करवानक' सापडतो आणि संस्कृत-इंग्रजी कोश उघडला तर चक्क 'क्रौंच' हाती लागतो. हे तिन्ही अर्थ एकाच पक्ष्याचे असणे शक्य नाही. करवानक कोरड्या माळावर राहतो, क्रौंच हा बहुतेकांच्या मते करकोच्यासारखा उंच पक्षी आहे आणि पाणपक्षी म्हणावे तर ते शेकडो आहेत. मग कर्ल्यू नेमका कोणता?

वरवर पाहता हा भाषेचा प्रश्न वाटतो. पण तो सोडवू लागलो की पक्ष्यांची शरीररचना, त्यांचे स्थलांतर, वर्गीकरणाची तत्त्वे आणि शेवटी पक्ष्यांचे संरक्षण असे अनेक विषय त्यात येतात. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा हा प्रश्न समजून घ्यायला सोयीचा आहे. जिल्ह्याचा पश्चिमेकडील अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर बाकीचा बराचसा प्रदेश पर्जन्यछायेतला, उघड्या माळांचा आहे. त्याच वेळी ईशान्येला गोदावरीवर जायकवाडीचा नाथसागर, मध्यभागी मुळा धरण, दक्षिणेला भीमेवरील उजनीचे फुगवट्याचे पाणी असे मोठे जलाशयही आहेत. माळावरचे आणि पाण्याच्या काठावरचे असे दोन्ही प्रकारचे पक्षी येथे काही किलोमीटरच्या अंतरात पाहता येतात.

एक शब्द, तीन पक्षी

इंग्रजीत 'कर्ल्यू' हे नाव निदान तीन वेगवेगळ्या पक्ष्यांना लावले गेले आहे.

पहिला खरा कर्ल्यू. मराठी पक्षिसूचींत त्याला कोरल म्हणतात. हा हिवाळी पाहुणा आहे. त्याची मोठी संख्या समुद्रकिनाऱ्यावर, खाड्यांच्या चिखलात उतरते. देशाच्या अंतर्भागात तो मोठ्या नद्यांच्या व जलाशयांच्या काठी थोड्या संख्येने येतो.

दुसरा 'स्टोन कर्ल्यू', म्हणजे दगडाळ जमिनीवरचा कर्ल्यू. हाच आपला करवानक. तो वर्षभर येथेच राहतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यासारखी विरळ गवताची, खुरट्या झुडपांची जमीन त्याला मानवते. दिवसा तो झुडपाच्या सावलीत निश्चल बसून असतो. मातकट रंगामुळे दहा पावलांवरूनही दिसत नाही. तिन्हीसांजेनंतर मात्र त्याचा चढत जाणारा तीक्ष्ण आवाज माळभर ऐकू येतो. या आवाजात कर्ल्यूच्या शिळेचा भास होतो, म्हणून इंग्रजांनी त्याला कर्ल्यू म्हटले.

तिसरा काळा शराटी. शेतात, माळावर, गावाबाहेरच्या उकिरड्यांजवळ हिंडणारा, काळसर रंगाचा, डोक्यावर तांबडा खरखरीत पट्टा आणि खांद्यावर पांढरा डाग असलेला हा पक्षी जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. त्याची चोच खाली वाकलेली असते. तेवढ्या साम्यावरून इंग्रज शिकारी त्याला 'किंग कर्ल्यू' म्हणत.

एकाला आवाजावरून नाव मिळाले, दुसऱ्याला त्या आवाजाच्या साम्यावरून आणि तिसऱ्याला चोचीच्या साम्यावरून. नाव एक, पण नाते? ते तपासायचे तर पक्ष्यांच्या अंगाकडे जरा बारकाईने पाहावे लागेल.

साम्य आणि नाते

शराटी झाडावर काटक्यांचे घरटे बांधतो. त्याची पिले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा दुबळी असतात आणि कित्येक दिवस घरट्यातच आईबापांच्या चाऱ्यावर वाढतात. झाडाची फांदी पकडता यावी म्हणून त्याच्या पायाचे मागचे बोट चांगले वाढलेले असते. कोरल आणि करवानक जमिनीवर साध्या खळग्यात अंडी घालतात. त्यांची पिले जन्मतःच मऊ पिसांनी झाकलेली, डोळे उघडे असलेली असतात आणि थोड्याच वेळात चालू लागतात. करवानकाला तर मागचे बोटच नसते. सपाट जमिनीवर धावणाऱ्याला त्याची गरजही नाही.

या व अशा अनेक लक्षणांवरून, आणि अलीकडे जनुकांच्या तुलनेवरून, शराटीचे स्थान बगळे व पाणकोळी यांच्या गणात ठरले आहे. कोरल आणि करवानक हे दोघे मात्र टिटवी, तुतवार, शेकाट्या, इतकेच नव्हे तर कुरव आणि सुरय यांच्या गणात येतात. त्या गणातही त्यांची कुले वेगळी आहेत. म्हणजे करवानक हा कोरलचा दूरचा नातेवाईक आणि काळा शराटी बहुतेक परकाच. वाकडी चोच दोघांना स्वतंत्रपणे मिळाली. मातीत किंवा चिखलात खोलवर दडलेले भक्ष्य बाहेर काढायचे काम सारखे, म्हणून हत्यारही सारखे. वटवाघळाचे आणि पक्ष्याचे पंख आपण वर्गात याच मुद्द्यासाठी शिकवतो. शराटी आणि कोरल हे त्याचे आपल्या परिसरातले उदाहरण आहे.

करवानकाच्या दुसऱ्या इंग्रजी नावातही एक धडा दडलेला आहे. त्याला 'थिक-नी', म्हणजे जाड गुडघ्याचा, असे म्हणतात. त्याच्या लांब पिवळ्या पायाच्या मधोमध एक ठसठशीत सांधा दिसतो, तोच हा 'गुडघा'. पण हा सांधा मागच्या बाजूला वाकतो! माणसाचा गुडघा पुढे वाकतो, मग पक्ष्याचा उलटा कसा? उत्तर सोपे आहे. तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. पक्षी टाच उचलून, केवळ बोटांवर उभा असतो. त्याचा खरा गुडघा पोटाजवळ, पिसांच्या आत झाकलेला असतो आणि तो माणसाप्रमाणेच पुढे वाकतो. विद्यार्थ्यांना चवड्यांवर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून चालायला सांगावे. टाच जमिनीपासून जितकी उंच जाईल, तितकी बगळ्याच्या पायाची रचना लक्षात येईल. चुकीच्या नावानेही शरीरशास्त्र शिकवता येते ते असे.

कोरलची ओळख

खऱ्या कोरलकडे वळू. त्याच्या कुलातील हा सर्वांत मोठा पक्ष्यांपैकी एक. लांबी ५० ते ६० सेंटीमीटर, म्हणजे साधारण गावठी कोंबडीएवढा, पण पाय उंच. अंगावर मातकट तपकिरी रंग आणि त्यावर गडद रेघोट्या. उडताना पाठीवरचा पांढरा पाचर ठळक दिसतो. सर्वांत लक्षवेधी अर्थात चोच. ती डोक्याच्या कितीतरी पट लांब आणि खाली कमानदार वळलेली असते. मादीची चोच नराच्या चोचीपेक्षा लांब असते. आपल्याकडे येणारे कोरल पूर्वेकडील उपजातीचे असून त्यांची चोच युरोपातील कोरलांपेक्षा लांब असते.

ही चोच केवळ चिमटा नाही. तिच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणाऱ्या संवेदनापेशी भरलेल्या असतात. चिखलात चोच खुपसली की आतील किड्याची किंवा खेकड्याची हालचाल तिथेच जाणवते. शिवाय सगळी चोच न उघडता केवळ वरच्या चोचीचे टोक उचलता येते. चिखलाच्या दाबाखाली पूर्ण चोच उघडायला बरेच बळ लागले असते, ते वाचते. वाकड्या चोचीचा आणखी एक फायदा म्हणजे ती फिरवली की एकाच भोकातून चिखलातील मोठा घेर तपासता येतो आणि वळणदार बिळातही शिरता येते.

कोरलचा धाकटा भाऊबंद व्हिंब्रेल. तोही वाकड्या चोचीचा आणि मातकटच, पण आकाराने लहान, चोच आखूड आणि डोक्यावर गडद-फिकट पट्टे. तो बहुधा समुद्रकिनारा सोडत नाही. नाथसागराच्या काठी वाकड्या चोचीचा रेघाळ पक्षी दिसला तर आधी कोरलचा विचार करावा. मात्र डोक्याकडे पाहिल्याशिवाय नोंद करू नये.

कोरलचे प्रजनन युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या थंड, ओलसर गवताळ प्रदेशांत होते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून तो आपल्याकडे येऊ लागतो आणि एप्रिलच्या सुमारास परततो. काही तरुण पक्षी पहिला उन्हाळा येथेच, विशेषतः किनाऱ्यावर, काढतात. त्यामुळे मे महिन्यात कोरल दिसला म्हणून तो येथे अंडी घालतो असे समजायचे कारण नाही. भारतात त्याचे प्रजनन होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आपल्या लोकांनी ठेवलेली नावे

इंग्रजीत जो घोळ दिसला तो मराठीत नाही असे मुळीच नाही. पाणकावळा हा कावळा नव्हे, पाणकोंबडी ही कोंबडी नव्हे आणि पाणलावा हा लावा नव्हे. ओळखीच्या पक्ष्याचे नाव घेऊन त्याला 'पाण' जोडायचे ही मराठीची जुनी रीत आहे. इंग्रजांनी कर्ल्यूला 'स्टोन' जोडले तेव्हा हेच केले.

लोकांनी ठेवलेली नावे नीट पाहिली तर ती चार-पाच रीतींनी पडलेली दिसतात. टिटवी हे नाव आवाजावरून. संस्कृतातला टिट्टिभ, हिंदीतली टिटहरी आणि मराठीतली टिटवी हे एकाच हाकेचे तीन लेख आहेत. इंग्रजांना त्याच हाकेत 'डिड-ही-डू-इट' असा प्रश्न ऐकू आला. तुतवार किंवा तुतारी हेही आवाजावरूनच. चमचा हे नाव चोचीवरून, चित्रबलाक हे रंगावरून, माळटिटवी हे राहण्याच्या जागेवरून. पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे दाटीने पोहणाऱ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या चांदव्याला लोकांनी वारकरी म्हटले. हे नाव आवाजावरून किंवा जागेवरून नाही, आपल्या भोवतालच्या जीवनावरून आले आहे.

'कर्ल्यू' हा शब्दही मुळात आवाजाचाच. हिवाळ्यात चिखलपट्ट्यावरून उडताना हा पक्षी 'कूर-ली' अशी लांबवलेली शीळ घालतो. फ्रेंचमध्ये तो 'कुर्ली' आहे. अरबीत 'करवान' हा शब्द स्टोन कर्ल्यूसाठी वापरतात आणि आपल्या करवानकाशी त्याचे साम्य उघड आहे. गंमत अशी की ताहा हुसेन या इजिप्तच्या लेखकाच्या १९३४ सालच्या कादंबरीच्या नावातला 'करवान' इंग्रजी भाषांतरात 'कर्ल्यू' झाला. नाईलच्या काठचा माळपक्षी भाषांतरात चिखलातला झाला!

या लोकनावांची नोंद करण्याचे मोठे काम मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी केले. वनखात्याच्या नोकरीत जंगलातील माणसांकडून ऐकलेली नावे त्यांनी टिपली आणि 'पक्षिकोशा'त एकत्र केली. एरवी ही नावे सांगणाऱ्याबरोबरच संपली असती.

क्रौंच म्हणजे कर्ल्यू?

आता तिसऱ्या अर्थाकडे येऊ. मोनियर-विल्यम्स यांच्या प्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोशात क्रौंच या शब्दाचा अर्थ एक प्रकारचा कर्ल्यू असा दिला आहे. त्यावर विसंबून अनेक भाषांतरांत वाल्मीकींच्या कथेतील, व्याधाच्या बाणाने मारला गेलेला पक्षी कर्ल्यू झाला. ही गोष्ट बरोबर आहे का, हे ठरवायला संस्कृतबरोबर पक्षिशास्त्रही लागते.

रामायणातील वर्णनाप्रमाणे हे पक्षी जोडीने होते, रतिक्रीडेत मग्न होते आणि मारला गेलेला नर तांबड्या डोक्याचा होता. जोडीदार मेल्यावर मादीने आक्रोश केला. कोरलच्या अंगावर तांबडा रंग कोठेही नाही. त्याचे प्रजनन भारतात होत नाही, तेव्हा तमसेच्या काठी त्याची जोडी त्या अवस्थेत दिसण्याचा संभव नाही. येथे तो हिवाळ्यात येतो तो बहुधा थव्याने किंवा एकटा. उलट सारस हा उंच करकोचा भारतातच प्रजनन करतो, त्याचे डोके व मानेचा वरचा भाग तांबडा असतो, तो वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराबरोबर राहतो आणि नर-मादी मिळून मोठ्याने साद घालतात. ज्युलिया लेस्ली या अभ्यासक महिलेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे सर्व पुरावे तपासून वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारस असा निष्कर्ष काढला. संस्कृत ग्रंथांत क्रौंच हा शब्द सर्वत्र एकाच पक्ष्यासाठी आला आहे असे नाही. तरी या कथेपुरता कर्ल्यू बाद होतो.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. कोश हा पुरावा नसतो, कोणीतरी पुराव्यावरून काढलेला तो निष्कर्ष असतो. तो पुन्हा तपासता येतो आणि तपासण्यासाठी कधीकधी पक्ष्याचा रंग आणि विणीचा हंगाम पुरेसा होतो.

शास्त्रीय नाव काय साधते?

हा सर्व घोळ टाळण्यासाठी प्रत्येक जातीला जगभर एकच नाव असावे ही कल्पना कार्ल लिनियस यांनी अठराव्या शतकात रूढ केली. प्राण्यांच्या नावांची सुरुवात त्यांच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मानतात. त्यात कोरलला 'स्कोलोपॅक्स आर्क्वाटा' असे नाव आहे. पुढे ब्रिसाँ यांनी १७६० साली वाकड्या चोचीच्या या पक्ष्यांसाठी 'न्यूमेनियस' हा वंश वेगळा केला आणि आजचे 'न्यूमेनियस आर्क्वाटा' हे नाव तयार झाले. न्यूमेनियस या ग्रीक मुळाच्या शब्दात नवचंद्राचा, म्हणजे चंद्रकोरीचा अर्थ आहे आणि आर्क्वाटा म्हणजे धनुष्यासारखा वाकलेला. दोन्ही शब्द चोचीचेच वर्णन करतात.

लिनियस यांनी लांब पायांच्या पक्ष्यांचा एक गट केला होता. पुढे तो 'ग्रॅलाटोरीस' या नावाने ओळखला गेला. लॅटिनमध्ये याचा अर्थ काठ्यांच्या पायांवर चालणारे. गावच्या जत्रेत उंच काठ्या पायाला बांधून चालणारा खेळाडू डोळ्यांपुढे आणावा. कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेपुढे मांडली, तिच्यात हाच गट आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून सायक्स यांनी हा सारा मुलूख पायाखाली घातला होता. त्यानंतर सॅम्युएल फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरच्या आसपासच्या आणि सह्याद्रीतील पक्ष्यांची यादी १८७६ साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दीडशे वर्षांपूर्वीची अशी यादी फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली आहे.

काठ्यांच्या पायांचा हा गट मात्र टिकला नाही. त्यात बगळे, करकोचे, शराटी, क्रौंच, टिटव्या सारे एकत्र होते. लांब पाय ही पाण्यात चालण्याची सोय आहे, नात्याचा पुरावा नाही, हे लक्षात आल्यावर गट फुटला. इंग्रजी बोलणारेही आजवर एकमताचे नाहीत. ब्रिटनमध्ये 'वेडर' म्हटले की कोरल, तुतवार, टिटवी हे पक्षी समजायचे. अमेरिकेत त्यांनाच 'शोअरबर्ड' म्हणतात आणि 'वेडिंग बर्ड' म्हणजे बगळे व करकोचे. तेव्हा परदेशी पुस्तक वाचताना ते कोठे छापले आहे हे आधी पाहावे. 'न्यूमेनियस आर्क्वाटा' म्हटले की मात्र लंडन, कैरो आणि शेवगाव येथे एकच पक्षी समजतो. शास्त्रीय नाव यासाठी हवे. ते लोकनावाची जागा घेण्यासाठी नाही. टिटवी म्हटल्यावर जी हाक कानात उमटते ती 'व्हॅनेलस इंडिकस' म्हटल्याने उमटत नाही.

काठावरची वाटणी

या पक्ष्यांत इतके प्रकार का, हे पाहायला जलाशयाचा उतरता काठ उत्तम. समजा काठाचा उतार २०० मीटरला १ मीटर आहे. म्हणजे पाण्याच्या कडेपासून २ मीटर आत गेल्यावर पाणी १ सेंटीमीटर खोल असेल, १० मीटरवर ५ सेंटीमीटर आणि ३० मीटरवर १५ सेंटीमीटर. छोटे चिखल्ये ओल्या चिखलावर धावत नजरेने किडे टिपतात. तुतवार अगदी कडेला असतात. त्याहून उंच टिवळे घोटाभर पाण्यात शिरतात. शेकाट्या ३० मीटर आतही सहज उभा राहतो. पायाची लांबी आणि चोचीची लांबी मिळून प्रत्येकाचा पट्टा ठरतो. एकाच काठावर आठ-दहा जाती शेजारी शेजारी चरू शकतात त्या अशा.

आता हेच गणित उलटे करू. पाण्याची पातळी १ मीटरने उतरली की २०० मीटर रुंदीचा चिखलपट्टा उघडा पडतो. नाथसागर हा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा, पण बराच उथळ जलाशय आहे. धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि १९८६ साली त्याच्या परिसराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. नेवासे, शेवगाव तालुक्यांच्या बाजूने हिवाळ्यात पाणी हटू लागले की रोज नवा चिखल उघडा पडतो. उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांसाठी हे ताट रोज नव्याने वाढले जाते. पण हीच जमीन शेतकऱ्याला गाळपेरासाठी हवी असते. ओल असेपर्यंत हरभरा, गहू, भाजीपाला निघतो. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांसाठी हा छोटा आधार नाही. त्यात कोणाची चूक शोधण्यापेक्षा कोणता पट्टा कोणते पक्षी केव्हा वापरतात हे माहीत असणे महत्त्वाचे. ते माहीत असेल तरच तडजोडीची जागा सापडते. आणि ते माहीत होण्यासाठी पक्ष्यांना नावाने ओळखावे लागते.

नाव न कळल्याची किंमत

ही किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण कोरलच्याच वंशात आहे. बारीक चोचीचा कर्ल्यू, 'न्यूमेनियस टेन्युइरॉस्ट्रिस', हिवाळ्यात भूमध्य समुद्राभोवती येत असे. दिसायला तो साध्या कोरलसारखाच, थोडा लहान, चोच टोकाला निमुळती. थव्यात दोन्ही मिसळलेले असत आणि बहुतेकांच्या नोंदीत ते केवळ 'कर्ल्यू' होते. त्याची घरटी एकाच माणसाला सापडली. व्हॅलेंटिन उशाकोव्ह यांनी सायबेरियात तारा या गावाजवळ १९०९ ते १९२५ या काळात ती पाहिली. बराच काळ त्याचे प्रजनन तिथल्या दलदलीतच होते असे मानले गेले. अलीकडे संग्रहालयांतील पिसांमधील समस्थानिकांचे विश्लेषण झाले, तेव्हा त्याचा मुख्य प्रजननप्रदेश उत्तर कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यात असावा असे दिसले. तोवर फार उशीर झाला होता. त्याची शेवटची खात्रीची नोंद मोरोक्कोतील एका खाजणात १९९५ सालच्या फेब्रुवारीत झाली. २०२४ साली शास्त्रज्ञांनी उपलब्ध नोंदींचे गणित मांडून तो नष्ट झाल्याचा निष्कर्ष काढला आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला नामशेष जाहीर केले.

शिकार आणि गवताळ प्रदेशांची नांगरट ही कारणे होतीच. पण तो कमी होत आहे हे कळायला उशीर झाला, कारण त्याला त्याच्या भावंडापासून वेगळे ओळखून मोजणारे थोडे होते. साधा कोरल आज 'संकटसमीप' या वर्गात आहे. तो मोजायचा तर व्हिंब्रेल आणि शराटीपासून वेगळा ओळखता आला पाहिजे.

नावाची चूक जमिनीच्या बाबतीतही होते. करवानक जेथे अंडी घालतो त्या माळाला सरकारी कागदावर बहुधा 'पडीक' म्हणतात. पडीक म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ घेतला की तेथे झाडे लावणे किंवा बांधकाम करणे हा सुधारणेचा भाग वाटू लागतो. मग दोन अंडी घालून उघड्या जमिनीवर बसलेला पक्षी हिशेबातच येत नाही. धनगरांसाठी ते कुरण असते, करवानकासाठी घर असते. कागदावरचा एक शब्द दोघांनाही पुसून टाकतो.

शाळेत काय करता येईल?

दुर्बीण नसली तरी पुष्कळ करता येते. पहिले काम नावे गोळा करण्याचे. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबा, मासेमारी करणारे भोई व कोळी, मेंढपाळ यांच्याकडून पाणथळीच्या व माळाच्या पक्ष्यांची नावे विचारून वहीत लिहावीत. नावाबरोबर तीन गोष्टी लिहिणे आवश्यक: गाव कोणते, पक्ष्याचे वर्णन सांगणाऱ्याच्याच शब्दांत, आणि नाव का पडले असे तो सांगतो. एकाच पक्ष्याला दोन नावे मिळाली किंवा एकच नाव दोन पक्ष्यांना मिळाले तर त्यातले एक खोडू नये. तीच खरी माहिती आहे.

दुसरे काम मोजणीचे. गावतळ्याच्या किंवा जलाशयाच्या एका ठरावीक जागी, पंधरा दिवसांतून एकदा, ठरावीक वेळी अर्धा तास उभे राहून पक्षी मोजावेत. पाण्याची कडा कोठे आहे हे खुणेच्या दगडापासून पावलांनी मोजून लिहावे. ज्याची ओळख पटली नाही त्याच्यापुढे अंदाजाने नाव लिहू नये. 'मातकट, वाकडी चोच, टिटवीपेक्षा मोठा, डोके नीट दिसले नाही' असे लिहावे. असे प्रामाणिक वर्णन चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचे असते. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते आणि तिच्यात हौशी निरीक्षकांचाच वाटा मोठा असतो. शाळेची वही नीट ठेवलेली असेल तर ती त्या गणनेला जोडता येते.

टिटवीनेही समुद्र आटवला, असे आपल्याकडे म्हणतात. एका शाळेची दोन वर्षांची नोंद छोटी वाटेल, पण नाथसागराच्या काठच्या दहा शाळांनी ती केली तर कोरल कोणत्या आठवड्यात येतो, किती येतात आणि पाणी कोठवर उतरल्यावर जातात, हे सांगता येईल. फेअरबँक यांच्या यादीनंतर या जिल्ह्याला त्या तोडीची दुसरी यादी विद्यार्थ्यांच्या हातून मिळू शकते.